दोन्ही कान दिसले पाहिजेत

सा देक या नदीकाठच्या गावी फुलमळ्यांत राहणाऱ्या थोआबाईंनी आपल्या आईचा चेहरा कधी पाहिला नव्हता. आई तापाने गेली, तेव्हा त्या अंगावर पीत होत्या. घरातील पितरांच्या वेदीवर आईचे चित्र होते व त्यापुढे त्या रोज उदबत्तीही लावीत. परंतु ते चित्र आईचे नाही, हे साऱ्या घराला ठाऊक होते.

आईने उभ्या आयुष्यात फोटो काढून घेतला नव्हता. ती गेल्यावर बाजारातील चित्रकाराने विचारले, "मुलांत आईच्या तोंडवळ्याचं कोण?" शेजाऱ्यांनी थोरल्या मुलीकडे, बुओईकडे, बोट दाखविले. रडून डोळे सुजलेली ती सोळा वर्षांची पोर स्टुलावर बसली. चित्रकाराने तिचे केस कानांमागे सारले, ओठ मिटून घ्यायला सांगितले, चार सुरकुत्या पदरच्या घातल्या आणि आई तयार झाली.

आईचे धाकटे भाऊ लुओममामा दरवर्षी श्राद्धाला येत. उदबत्ती लावताना ते मोठ्याने म्हणत, "भाचीला उदबत्ती लावतोय मी. माझी बहीण इथं कुठंय?"

आईला डोळ्यांनी पाहिलेले, तिचा चेहरा निश्चित ओळखू शकणारे, असे मामाच एकटे उरले होते; बुओईताईंनीही आईला पाहिले होते, पण स्वतःचा चेहरा आईसारखा आहे किंवा नाही, हे त्यांना सांगता येत नसे. मामांची दृष्टी मात्र दर वर्षी मंदावत होती.

अशा वेळी गावातील संस्कृतिभवनात ज्येष्ठांसाठी फोटोचा वर्ग सुरू झाला. थोआबाईंच्या मुलीने शहरातून आपला जुना मोबाइल पाठविला होता. तो घेऊन त्या वर्गात जाऊन बसल्या. शिकविणाऱ्या यिएमबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी एकच नियम घातला: रोज एक फोटो काढायचा, रोज वर्गाच्या ग्रुपवर पाठवायचा, पाऊस असो की पाहुणे, चुकवायचा नाही.

"कशाचा काढू?" थोआबाईंनी विचारले.

"जे तुम्हाला बघायचंय त्याचा, मावशी."

थोआबाईंना काय बघायचे होते, ते त्यांना लगेच कळले. ताईच्या चेहऱ्यात आई कोठेतरी असली पाहिजे. ती शोधून काढावी आणि मामांना दिसते आहे तोवर त्यांच्यापुढे धरावी, असे त्यांनी मनाशी ठरविले.

पहिल्या आठवड्यात त्यांच्या प्रत्येक फोटोत त्यांचाच अंगठा आला. नंतर अंगठा गेला, पण ताई काळी आली, कारण पाठीमागे नदीचे लखलखते पाणी होते. निळ्या ताडपत्रीखाली ताई निळी आली. एकदा ताई धुक्यात बसल्यासारखी दिसली. ते तळणीचे तेल भिंगावर बसले होते. यिएमबाई प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहीत. आज उजेड कोणत्या बाजूने होता? आज तुम्ही दोन पावले पुढे का गेला नाहीत? त्या दोन ओळी थोआबाई बोट ठेवून, अक्षर जुळवून वाचीत आणि दुसऱ्या दिवशी तसे करून पाहत.

उजेड सुधारला, तरी ताई सुधारेनात. मोबाइल दिसताच त्या हातातील काम टाकून आत जात, चांगले पोलके घालीत, केस पाण्याने चापून कानांमागे नेत आणि ओठ मिटून खांबासारख्या बसत.

"अगं ताई, साधी बस ना."

"फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत. ओळखपत्राला तेच, वेदीला तेच. फोटो आणखी कशाला असतो?"

"हा रोजचा आहे गं."

"रोजचा म्हणजे? मी काय रोज मरतेय?"

अशा प्रकारे थोआबाईंनी कित्येक दिवस तेच वेदीवरचे चित्र पुन्हा पुन्हा काढले. श्राद्ध जवळ येत चालले होते. अखेरीस त्या वर्गात रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाई, माझ्या हाताला ही विद्या नाही."

यिएमबाईंनी त्यांचे सर्व फोटो शांतपणे पाहिले. "मावशी, काही दिवस त्यांचा चेहरा काढूच नका. हात काढा. आणि त्यांना फोटोची इतकी सवय होऊ द्या, की मोबाइल म्हणजे घरातलं मांजर."

त्या सल्ल्याचे उपकार थोआबाई आजही बोलून दाखवितात.

पाण्यावर उभारलेल्या मांडवांत शेवंतीची रोपे लावलेल्या करंड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. नव्या वर्षाला झाड भरगच्च फुलावे म्हणून ताई होडीत बसून शेंडे खुडीत. थोआबाई होडीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्यांचे हात काढू लागल्या: शेंडा धरणारी बोटे, चिखलाची नखे, करंडीच्या काठावर टेकलेले मनगट. प्रारंभी ताई हातही धुऊन येत. मग कंटाळल्या.

"हातांचे कसले गं फोटो काढतेस? लोक म्हणतील, बहिणीला मुंडकं नाही!"

"म्हणू देत."

पुढे तर त्यांनी मोबाइलकडे पाहणेही सोडले. मधल्या काळात थोआबाई एक गोष्ट शिकल्या. दुपार कलली, की मांडवांच्या फटीतून उजेड आडवा येतो आणि ताईंच्या डाव्या गालावर मऊ पडतो. त्या वेळी होडी कोठे असावी, हेही त्यांनी पाहून ठेवले. ताईंना हसू केव्हा येते, ते शिकण्याची गरज नव्हती. धाकट्या बहिणीची फजिती सांगताना ताईंना हसू आवरत नसे.

श्राद्धाच्या आधल्या दिवशी उजेड तसा आला. थोआबाईंनी वल्हे मारून होडी जागेवर आणली, मोबाइल गुडघ्यावर धरला आणि विचारले, "ताई, मी लहानपणी वेदीसमोर काय म्हणाले होते गं?"

"ते होय!" ताईंनी खुडणे थांबविले. "एवढीशी होतीस. घर पाहुण्यांनी भरलेलं, मामा उदबत्ती लावतायत, सगळे गप्प. आणि तू चित्राकडे बोट करून ओरडलीस, 'ताई, तू तिथं कशी चढलीस? खाली उतर, मला शी आलीय!'"

ताई हसल्या. मान एका बाजूला कलली, एक डोळा जवळजवळ मिटला, चिखलाचा हात तोंडाशी गेला, केस कानांवर आले. थोआबाईंनी बोट टेकविले. एकच फोटो काढला, आणि त्या रात्री तोच ग्रुपवर पाठविला.

श्राद्धाला मामा आले. त्यांनी नेहमीप्रमाणे भाचीला उदबत्ती लावली, नेहमीप्रमाणे टोमणा मारला व चटईवर बसले. थोआबाईंनी मोबाइल त्यांच्या हाती दिला.

मामांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"थोमताईचा फोटो होता कुणाकडं?" मामांनी विचारले. थोम हे आईचे नाव.

"मामा, नीट बघा," थोआबाई म्हणाल्या. "ती बुओईताई आहे. काल काढलाय."

"बुओई म्हातारी आहे, ते दिसतंय मला, आंधळा नाही झालो अजून. पण हे हसणं थोमचं. असाच डोळा मिटायची ती. बाजारातून मासे आणले, की लपवून ठेवायची, आम्ही शोधत बसायचो आणि ती दारात उभी राहून अशी हसायची." मामांनी बाहीने नाक पुसले. "अगं पोरी, किती वर्षांनी भेटली ही मला."

थोआबाईंनी मोबाइल परत घेतला. साठी ओलांडलेल्या त्या बाईने आपली आई प्रथमच पाहिली, आणि पुष्कळ वेळ पाहिली.

नंतर त्या म्हणाल्या, "ताई, हा छापून वेदीवर ठेवू या."

"वेड लागलंय? जित्या माणसाचा फोटो वेदीवर ठेवतात का?"

"वा!" मामा म्हणाले. "इतकी वर्षं तिथं तूच बसलीयस. काय झालं तुला? तब्येत बघा, म्हशीसारखी!"

सगळे हसले, पण ताई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मी गेल्यावर ठेवा. आणि केस नीट करून ठेवा."

जेवण वाढण्याची वेळ झाली. रीतीप्रमाणे पहिले पान वेदीवर जाते. थोआबाईंनी भरल्या कारल्याच्या रश्शाचा पहिला वाडगा भरला, दोन्ही हातांत धरला आणि वेदीपाशी न थांबता चटईवर बुओईताईंसमोर नेऊन ठेवला. आई गेल्यावर ताईंच्या ज्या हातांनी थोआबाईंना पातळ पेज पाजून जगविले होते, ते हात मांडीवर स्वस्थ होते.

"अगं, आधी आईला!" ताई ओरडल्या. "मी काय मेलेय?"

"नाही. म्हणूनच."

"खा गं," मामा म्हणाले. "थोम काही बोलायची नाही. निवल्यावर कारलं जास्त कडू लागतं."

ताईंनी दोन्ही हातांनी वाडगा उचलला. थोआबाई वेदीसाठी दुसरा वाडगा भरायला वळल्या.