पंतांच्या पुस्तकातली अकरा वर्षं

साहेबांचं बिल दत्तोपंतांच्या टेबलावर गेलं की शिपाईसुद्धा म्हणायचा, "आता आठ दिवस विसरा." कचेरीचं नाव मी सांगत नाही. भिवंडीत होती, एवढं पुरे. साहेब लोकांचे पगार, भत्ते, जीपचं डिझेल, सगळं पंतांच्या नजरेखालून जायचं. जीप रविवारी कोन गावाला गेली असेल, तर रविवारी कोनला कचेरीचं काय काम निघालं, हे ते शाईनं विचारायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण जित्याची खोड.

१९८४ साली त्यांनी खुद्द टिल्लू साहेबांवर आक्षेप घेतला. साहेब दोन वर्षं कचेरीच्याच बंगल्यात फुकट राहत होते आणि वर घरभाडे भत्ताही उचलत होते. पंतांनी पाच पानं लिहिली.

साहेबांनी बोलावून घेतलं. "दत्तोपंत, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"टेबलच तपासणीचं आहे साहेब, विचारायची वाट कशाला बघायची?"

पाच पानं वर गेली, आणि सहा महिन्यांनी समितीची मंजुरी घेऊन खाली आली. उचललेला भत्ता योग्यच ठरला. साहेबांचा केसही वाकडा झाला नाही, पंतांचं टेबल मात्र मोरीशेजारी सरकलं. मोठ्यांची चूक अशी मागाहून कायदेशीर करून घेता येते. तुमच्याआमच्या नशिबात ती सोय नाही.

आता पंतांचं शहाणपण ऐका. दर एप्रिलमध्ये सगळ्यांची सेवापुस्तकं साहेबांपुढे जायची. गेल्या वर्षीची नोकरी तपासली, असा शेरा आणि खाली साहेबांची सही. गठ्ठा बांधायचं काम १९७९ पासून पंतांकडे, आणि त्या गठ्ठ्यात ते स्वतःचं पुस्तक कधी घालत नसत. ज्याचे भत्ते आपण तपासतो, त्याच्याकडेच आपल्या सहीसाठी जायचं, हे त्यांना मिंधेपणाचं वाटायचं. नोकरी तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललीय, पुढे बघू, असं म्हणत राहिले. दुसऱ्याच्या पुस्तकात एक सही राहिली, तर हाच माणूस ते परत पाठवायचा!

१९९० साली ते टेबल मंदाकडे गेलं, आणि तेव्हापासून पंतांचंही पुस्तक गठ्ठ्यात जाऊ लागलं; मागची पानं मात्र कुणी चाळली नाहीत. मंदा कोनची, दोन वर्षांपूर्वीच लागलेली. बिल कसं वाचायचं, तारखेला तारीख कशी लावायची, सगळं पंतांनीच शिकवलेलं. १९९४ ला पंत निवृत्त झाले आणि त्यांचं पुस्तक तिच्यापुढे उघडलं गेलं.

"पंत, एकोणऐंशी ते नव्वद कोरं हाय," ती म्हणाली. "पेन्शनचा कागद पुढे जात न्हाय."

"मी रोज इथेच बसलेला असायचो, मंदा."

"मला ठाऊक हाय. पण त्या वेळच्या साहेबाचा दाखला लागेल. तुम्हीच शिकवलंय ना?"

त्या वेळचे साहेब दोन. पहिले वारले होते. राहिले टिल्लू.

पंतांनी चार महिने ढकलले. घरात दमडी येईना, तेव्हा नीलाताई शेजारी पापड लाटायला जाऊ लागल्या. सदतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची बायको! ते पंतांना फार लागलं. एका सकाळी त्यांनी ठाण्याची एसटी धरली.

टिल्लू साहेबांनी चहा दिला, जुन्या गोष्टी काढल्या. "तुमची ती पाच पानं आठवतात मला. अक्षर काय सुरेख होतं!" पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाखला पंतांनी घरूनच लिहून नेला होता, फक्त वर्षांची जागा मोकळी सोडली होती. साहेब बदलून आले १९८२ ला, म्हणजे त्यांना आठच वर्षांचं लिहिता येत होतं. साहेबांनी पेन उघडलं आणि सरळ १९७९ ते १९९० घातलं.

"कुठे तुकडे पाडायचे? सगळीच घ्या."

आठच वर्षं लिहा, असं पंतांच्या ओठावर आलं होतं. ते म्हणाले, "उपकार झाले, साहेब."

परतताना कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. एसटी तासभर हलली नाही. उतरून ठाण्याला माघारी जाता आलं असतं. पंतांनी कागद दोनदा उघडला, दोनदा घडी घातली आणि बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी कागद मंदापुढे ठेवला. टिल्लू साहेबांचंही पुस्तक तिच्याच कपाटात होतं. तिचं बोट १९७९ वर येऊन थांबलं. साहेब कधी आले, हे तिला पाठ होतं.

"पंत, तुम्ही वाचलंत ना हे?"

"वाचलं."

पंत मोरीकडच्या भिंतीकडे बघत होते. मग तिनं शिक्का मारला.

पुढच्या महिन्यापासून पेन्शन सुरू झाली. पंत त्या कचेरीत पुन्हा गेले नाहीत. बँक कचेरीला लागूनच होती, म्हणून पंत घरीच स्लिपवर सही करायचे आणि पैसे आणायला नीलाताई जायच्या.