मुरघासाचा वास

काल गोरेगावला तबेल्याजवळून जाताना मुरघासाचा आंबूस वास आला आणि डोक्यात तिडीक गेली.

माझा नवरा सुरेश याच तबेल्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडलेल्या जुन्या यंत्राने गवत कापायचा. त्याचा हिरवा चुरा खड्ड्यात दाबून म्हशींसाठी मुरवायचे, तोच हा मुरघास. पात्यांवरच्या झाकणात गवत अडकून काम खोळंबतं, म्हणून सुपरवायझरने ते झाकणच काढायला लावलं. एका दुपारी उघड्या पात्यांत अडकलेलं गवत ओढताना सुरेशच्या उजव्या हाताची बोटं गेली.

सुपरवायझर मोसंबी घेऊन इस्पितळात आला. म्हणाला, "वहिनी, सुरेशने जरा घाईच केली."

"आणि झाकण कोणी काढायला लावलं?" मी ओरडले. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"गप रव गो, सायब इलेत," सुरेश पुटपुटला आणि बँडेजमधला हात कसाबसा उचलून त्याने त्या माणसाला नमस्कार केला.

तेव्हा मला सुरेशचाच जास्त राग आला होता. आता कळतं, नोकरी जाईल या भीतीने तो हात उचलला गेला. आणि तो माणूस चक्क मान हलवून नमस्कार घेत होता!