तिच्यासाठी निवडलेला कॉम्प्युटर

चुलत बहिणीला कॉम्प्युटर घ्यायचा ठरला तेव्हा काकांनी मला फोन केला. "बाय, तुला त्यातलं कळतं. तू सांगशील तो घेऊ."

मी "बरं" म्हटलं. मोठ्यांशी बोलताना माझ्या तोंडून बहुतेक वेळा एवढंच निघतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो, असं मी स्वतःला सांगते. चुलत बहिणीचं तसं नाही. ती तलासरीत हायवेजवळ वाढली. काकांकडे चिकू भरायला येणाऱ्या ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडते, वापीच्या दुकानांत गुजरातीत घासाघीस करते, आणि कुठल्याही घरात गेली की पाच मिनिटांत त्यांच्या स्वयंपाकघरात पोचलेली असते.

मी डहाणूत एका फोटो स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. लॅपटॉप इतका तापतो की तो मी स्टीलच्या उपड्या ताटावर ठेवते. व्हिडिओ तयार व्हायला लावायचा आणि घरातली कामं उरकायची. परत यावं तर अर्धाच झालेला. बाबांना नव्या मशीनबद्दल विचारलं होतं. "हा चालतोय ना अजून?" ते म्हणाले. चालत होता. तिला मात्र इंटिरिअरच्या कोर्सला प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात काकांचा फोन आला.

निवड करायला मला वेळ लागला नाही, कारण ती आधीच झालेली होती. कितीतरी महिने जेवण झालं की मी फोनवर तेच बघत बसायची. छोटं कॅबिनेट, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढं. त्यात सगळा प्रश्न जागेचा असतो. ग्राफिक्स कार्ड लांब घेतलं तर वायरींना वाट उरत नाही, कूलर उंच घेतला तर बाजूची जाळी बसत नाही. प्रोसेसर दमदार हवा, पण जितका दमदार तितका तापणार. म्हणून मी सगळ्यात वरचा सोडून त्याच्या खालचा धरला होता. तो वीज कमी खातो, आणि एक बुटका, रुंद पंख्याचा कूलर त्याला सहज थंड ठेवतो. हे सगळं मी माझ्यासाठी जुळवलेलं होतं. तिच्याकडे टेबल भलंमोठं होतं, पण दुसरं काही शोधायची मला इच्छाच झाली नाही. मी तीच नावं काकांना पाठवली.

वापीच्या दुकानात ती कूलरवर अडली. काचेमागे एक पाण्याचा कूलर, प्रोसेसर थंड ठेवायला नळ्यांतून पाणी फिरवणारा, रंग बदलत होता.

"ताई, हा घेऊ ना. किती मस्त दिसतो."

"त्याचा रेडिएटर बसवायचा तर कार्ड आखूड घ्यावं लागेल. आणि पंप गेला तर सगळंच बंद."

"तू ना, अगदी काकूबाईसारखी बोलतेस. चांगलं झालं तरी तुला काहीतरी बिघडणारच दिसतं."

काका हसले. दुकानदार डब्यांवरून मान वर न करता म्हणाला, "मोटी बेन बराबर कहे छे." मोठी बहीण म्हणजे मीच. बुटका कूलर घेतला गेला. परतताना डबे तिच्या मांडीवर होते आणि मी रस्ताभर तिच्या मांडीकडे बघत होते.

जोडला मीच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. काकू कुंकवाचं बोट घेऊन आल्या तेव्हा तेवढं जाळीवर नको म्हणून मी वरची कड दाखवली. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे जावी म्हणून मध्ये थर्मल पेस्टचा ठिपका ठेवला. स्क्रू एकेक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. कॉम्प्युटर पहिल्या खेपेलाच सुरू झाला. काकूंनी पेढा आधी तिच्या तोंडात घातला. बरोबरच होतं, मशीन तिचं होतं. मी पंख्याच्या आवाजासाठी कान लावला. ऐकू येत नव्हता.

पंधरा दिवसांनी काकांचा पुन्हा फोन आला. काम करता करता मशीन आपोआप बंद पडत होतं. आधी आवाज करायचं, मग एकदम काळोख.

"बाय, ते आम्हाला लाभलं नाही बघ," काका म्हणाले. "हिला मी चांगला लॅपटॉप घेतो. हे तू घेऊन जा. तुला दुरुस्त करता आलं तर वापर, नाहीतर ठेव."

मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"चा आवाज मला स्वतःलाच वेगळा लागला. दुसऱ्या दिवशी गुंडाळायला जाड गोधडी घेऊन मी एसटीने तलासरीला गेले.

मशीन टेबलाच्या बाजूला, एका स्टुलावर, चिकूच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलेलं होतं. क्रेटच्या तळाला आणि चारही बाजूंना वर्तमानपत्राचे कागद, कोपऱ्यांत नीट दुमडलेले. दिल्लीला जाणारा एक नंबर माल काका असाच भरतात. फळ घासू नये, धूळ बसू नये म्हणून. हायवेची धूळ मशीनला लागू नये म्हणून त्यांनी स्वतः बसून ते केलं होतं. हवा आत घ्यायच्या सगळ्या जाळ्या कागदाला टेकलेल्या होत्या. वरून तेवढं उघडं, आणि तिथून चालू मशीनची गरम हवा येत होती.

मला बघताक्षणी कळलं. कळलं हे कोणाला दिसलं नाही.

"गेलंय ना ते?" काकांनी विचारलं.

हो म्हणायचीही गरज नव्हती. मी नेहमी गप्पच असते, त्या दिवशी गप्प राहिले असते तर कोणाला नवल वाटलं नसतं. गोधडी पिशवीतून निम्मी बाहेर काढलेली होती. माझ्या लॅपटॉपसाठी असं कोणी कधी कागद दुमडत बसलं नव्हतं, हेही तेव्हाच मनात आलं आणि मशीन न्यावंसं आणखीच वाटलं.

तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते, पाण्याचा कूलर घेऊ. ताईचा तो पिटुकला पंखा काय पुरणार?"

"आणि एवढं छोटं कशाला घेतलं?" काकू म्हणाल्या. "मोठा डबा घेतला असता."

"कूलर बरोबर आहे," मी म्हणाले. वाक्य जुळवायला काही वेळ लागला नाही. "कॅबिनेटही बरोबर आहे. तुम्ही त्याचं नाक दाबून ठेवलंय."

काका क्रेटकडे बघत राहिले. "एक नंबर माल म्हणून तसा भरला गं," ते हळूच म्हणाले.

मशीन बाहेर काढून मी टेबलावर, भिंतीपासून लांब ठेवलं. जाळ्या ब्रशने झाडल्या. ज्यात मशीन बंद पडायचं तेच काम तिने पुन्हा लावलं. आम्ही चौघं उभं राहून बघत होतो. पंख्याचा आवाज थोडा वाढला, तिथेच थांबला. तापमानाचे आकडे मी जोडताना सांगितले होते तिथेच राहिले. काम पूर्ण झालं. लॅपटॉपचा विषय कोणी काढला नाही.

"ताई, तू शहाणी आहेस हां," ती माझ्या खांद्याला लटकत म्हणाली. "तुझा व्हिडिओ टाकून बघ ना एखादा."

पेन ड्राइव्ह माझ्याजवळ होता. घरी जे व्हायला अख्खी दुपार जाते ते काकूंचा चहा उकळायच्या आत झालं.

"लवकर झालं ना?" तिने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी पण असाच घेऊ. मी काकांना सांगते, माझं ऐकतात ते."

माझ्या बाबांविषयी ती बोलत होती, आणि ते खरं होतं. तिचं ऐकतात. मी पेन ड्राइव्ह काढला आणि आठवड्यातून एकदा जाळी कशी काढून झाडायची ते तिला दाखवायला लागले. ती फोन बघत "हो, हो" म्हणत होती, म्हणून मी ते पुन्हा काकांना दाखवलं.