अजबखान्यातले नरसय्या

नरसय्या मुलांचे हात बघत. संग्रहालयाच्या दारात स्टुलावर बसून आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा उजवा हात ते आपल्या दोन्ही हातांत धरत, तळवा अंगठ्याने चाचपत, बोटं एकेक करून दाबत आणि मगच त्याला आत सोडत. चाळीस मुलांची रांग अशी आत जायला पाऊण तास लागे. "तुज्या घरी विड्या वळत्यात," असं एकाला म्हणत. दुसऱ्याला, "डावरा हायस की. मग उजवा कशाला देतोस? तो दे." तिसऱ्याचा हात धरून नुसतेच हसत आणि हळूच विचारत, "आज छडी कशापायी?" मग ते मूल माझ्याकडे बघे आणि मी छताकडे.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, सोलापुरातल्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर हंगामी मास्तर. नरसय्या मुलांच्या हातांची स्वच्छता तपासतात अशी माझी समजूत होती आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुकही वाटे. माझ्या बऱ्याच समजुती त्या वयात अशाच भक्कम होत्या. आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. लिहिताना मी त्यांना अहो-जाहो करतो आहे, पण तेव्हा 'ए नरसय्या' म्हणत असे. ते साठीचे होते आणि मला 'तुमी' म्हणत.

संग्रहालय म्हणजे एका जुन्या धर्मशाळेच्या दोन मोठ्या खोल्या. गावात त्याला अजबखाना म्हणत. कुणी हौशी गृहस्थाने जमवलेल्या वस्तू एका मंडळाच्या ताब्यात आल्या होत्या. शेतात सापडलेले वीरगळ, तांब्याची नाणी, धान्य मोजायची जुनी मापं, दगडी जाती, पेंढा भरलेली भीमेतली एक मगर, आणि मधोमध खड्ड्यातला हातमाग. नरसय्या पद्मसाळी विणकर. जन्मभर कुणाच्या तरी कारखान्यात लुगडी विणलेली. तिथलं काम सुटल्यावर मंडळाने त्यांना इथे राखणदार म्हणून ठेवलं होतं.

भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती : 'वस्तूंना हात लावू नये.' नरसय्या आल्याआल्या तिच्या खिळ्याला आपला रुमाल अडकवत, त्यामुळे पाटी दिवसभर रुमालाखाली असे. पहिल्या भेटीत मी रुमाल बाजूला सारून ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवली. नरसय्यांनी विचारलं, "काय लिवलंय म्हणता?" मी पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "मास्तर, ज्यानं हे ठोकलं त्यानं हात लावूनच ठोकलं असंल की."

मुलं हसली. मी छडी हलवली. पण त्या दिवशी माझं चालुक्यांवरचं व्याख्यान खिशातच राहिलं. नरसय्यांनी मुलांना खाली बसवलं, ज्वारीचं पोतं सोडलं आणि जुनी मापं त्यांच्या हातांत दिली. पायलीत किती शेर मावतात हे मी फळ्यावर महिनाभर घोकून घेतलं होतं. इथे पोरांनी ते अर्ध्या तासात ओतून ओतून शोधलं, शिवाय माप भरताना हात कसा आखडता घ्यायचा ही व्यापाऱ्यांची युक्तीही शिकली, जी माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. वीरगळावरचा घोडा डोळे मिटून, बोटांनी ओळखायचा. नाण्याचं वजन तळहातावर तोलायचं. "बघू नका रे," असं ते सारखं म्हणत, "धरा. डोळा लई खोटं बोलतंय. हाताला खोटं बोलाया येत न्हाय."

मग मगर. तिच्या उघड्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून पुढून मागून दात मोजायचे. चाळीस मुलांनी मोजले. "आता मास्तर," नरसय्या म्हणाले. मी हात घातला, आत पेंढ्यात उंदीर हलला, आणि मी जी किंकाळी फोडली ती शेजारच्या तालमीतून दोन पैलवान घेऊन आली. आमच्या घरी ही गोष्ट दर दिवाळीला होते. किंकाळीची नक्कल मी स्वतः करतो. मुलं, आता जावईही, पोट धरून हसतात, आणि गोष्ट मी तिथेच संपवतो. परवा धाकटीने विचारलं, "अप्पा, त्या नरसय्यांचं पुढे काय झालं?" ती आता शिक्षिका झाली आहे, म्हणून विचारलं असावं. मी म्हणालो, "म्हातारे होते, गेले." खोटं नव्हतं. पण जे घडलं ते तिला सांगायला तोंड उघडेना, म्हणून हे लिहितो आहे.

त्यासाठी मागाकडे यायला हवं. भेटीच्या शेवटी प्रत्येक मुलाने मागावर बसायचं, पाय दाबायचा, धोटा फेकायचा आणि एक धागा विणायचा. एकच. गावातल्या सगळ्या शाळांतली पोरं तिथे येत, त्यामुळे मागावर एक विचित्र कापड तयार होत होतं. कुठे ताठ, कुठे ढिलं, कडेला वेडंवाकडं. नरसय्या त्यावरून हात फिरवत आणि ग्रंथ वाचावा तसं वाचत. "हितं तुमचा तो डावरा. हितं दोघांचं भांडण झालंतं, दोन धागं एकमेकाला धक्का मारतंय. आन् हा, मास्तर, तुमचा. लई ओढता तुमी. कापड आकसतंय."

श्रावणात बातमी आली की शाळाखात्याचे दिपोटीसाहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, संग्रहालय बघायला येणार, आणि ते बघताना एक वर्गही तिथे शिकताना बघणार. वर्ग माझा ठरला. माझी कायम होण्याची शिफारस त्याच साहेबांच्या सहीवर अडली होती. मंडळाच्या चिटणिसांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, जरा टापटीप करून घ्या. नरसय्याच्या हातून ते होत नाही." किल्लीही दिली. भेटीच्या आदल्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. मार्कंडेयाच्या उत्सवाची ती एक सुट्टी नरसय्या वर्षातून घेत.

त्या दिवशी मी एकट्याने अजबखाना झाडला. मगर पुसली, लांबूनच. पाटीवरचा रुमाल काढून घडी करून ठेवला. मग मागाकडे वळलो. ते वाकडंतिकडं कापड साहेबांनी बघावं हे मला सहन होईना. त्यात माझ्याच वर्गाचे धागे सगळ्यात वेडेवाकडे, असं मला उगीच वाटलं. ताणा, म्हणजे मागावर चढवलेलं उभं सूत, तसा संपतच आला होता. मी कात्रीने कापड कापलं. मागे फणीतून, म्हणजे सुतं ओळीत धरणाऱ्या कंगव्यातून, आणि वरच्या दोऱ्यांच्या फाशांमधून सुतांची वीतभर शेपटं लोंबत राहिली. तीही उपटली. तासभर बसून, एकही दोरा राहू नये अशी. मग मागाला खोबरेल तेल लावलं आणि दूर उभा राहून बघत बसलो. इतका स्वच्छ माग साऱ्या सोलापुरात नसेल, असं मनात आलं. ते खरंच होतं. विणकराच्या घरी इतका रिकामा माग कधीच नसतो.

दुसऱ्या दिवशी नरसय्या सकाळी लवकर आले. खांद्यावर नव्या ताण्याची गुंडाळी होती. त्यांनी सवयीने फणीवर हात ठेवला, आणि तो तिथेच थांबला.

"मास्तर, सुतं कुटं गेली?"

"साफ केली. किती केर लोंबत होता."

"केर न्हवता ओ तो," ते म्हणाले. "वाट होती."

मग त्यांनी समजावलं, न रागावता. जुनं कापड उतरवलं तरी विणकर शेपटं काढत नाही. ती फाशांतून आणि फणीतून ओवलेलीच ठेवायची आणि नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्याच्या टोकाला पीळ देऊन सांधायचं. मग सगळं आपोआप जागेवर ओढून घेता येतं. शेपटं गेली की शेकडो सुतं पुन्हा एकेक करून बारीक फाशांतून ओवावी लागतात.

"मग ओव की," मी म्हणालो. "साहेब अकराला येणार आहेत."

ते मागाशी बसले. एक सूत घेतलं. फासा बोटाने धरला, सूत पुढे नेलं. ते बाजूने गेलं. पुन्हा नेलं, पुन्हा गेलं. मी वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. दोन्ही डोळ्यांत पांढरी फुलं पडली होती.

"सांधायला हात पुरं हायत," ते हळू आवाजात म्हणाले. "ओवायला डोळं लागतंय. कारखान्यातनं त्यापायीच काढलं मला. हितं कुणाला ठावं न्हाय, मास्तर. चिटणीससायबाला कळ्ळं तर हे पण जाईल. तुमी एकच करा. दिपोटी इचारले माग रिकामा का, तर सांगा, साफ तुमी केला म्हणून. एवढंच. बाकी मी पोरांकडनं ज्वारी मोजून घेतो."

"सांगतो," मी म्हणालो. त्यात सांगायला काय अवघड होतं? खरं तेच तर होतं.

साहेब आले. ज्वारीच्या मापांवर खूश झाले. एका मुलाने डोळे मिटून वीरगळावरचा घोडा ओळखला, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारून टिपून घेतलं. मी ते दोनदा सांगितलं, नीट लिहिलं जावं म्हणून. मग ते मागापाशी थांबले.

"हा रिकामा का? मी तर ऐकलं होतं, मुलं इथे विणतात."

चिटणिसांनी नरसय्यांकडे पाहिलं. नरसय्यांनी माझ्याकडे तोंड केलं. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण साहेबांच्या हातात ती वही अजून उघडी होती, माझ्या नावापाशी. मला वाटलं, आता हाच साहेब लिहील की या मास्तरने माग बिघडवला. मी काही बोललो नाही. शिवाय आणखी एक गोष्ट केली, ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही. मी एक पाऊल बाजूला सरकलो. आवाज न करता. नरसय्या मी आधी उभा होतो त्या जागेकडे तोंड करून वाट बघत राहिले. तिथे आता फक्त भिंत होती.

"नरसय्या, ताणा आणलाय ना? भर मग," चिटणीस म्हणाले. "साहेबांना दाखव."

ते बसले. सूत फाशाच्या बाजूने गेलं. पुन्हा गेलं. पुढे बसलेल्या एका पोराने कुजबुजून सांगितलं, "बाबा, जरा डावीकडं." दुसरा म्हणाला, "आता खाली." तिसरा उठून त्यांच्या हाताला धरायला गेला. चिटणिसांच्या तोंडावरचा रंग गेला. साहेबांनी वाकून नरसय्यांच्या डोळ्यांसमोर पेन्सिल हलवली आणि हसून म्हणाले, "अहो, राखणदार आंधळा नेमलात की काय?"

नरसय्या उठले. नव्या ताण्याची गुंडाळी त्यांनी खांद्यावर घेतली. दारापर्यंत कुठेही न अडखळता गेले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना विचारलं, "नरसय्याला दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की मास्तर. तुमाला न्हवतं?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय करायचं? तुमी छडी मारली असती." मागून दुसरा म्हणाला, "त्यांस्नी."

महिन्याभरात मी कायम झालो. नरसय्यांना काढून टाकलं. वस्तू काचेच्या कपाटांत गेल्या, मागाभोवती दोरी आली. येणाऱ्या शाळांना माहिती सांगायला कुणीतरी शिकलेला माणूस हवा म्हणून मंडळाने दर शनिवारी मलाच नेमलं. मी चालुक्यांवरचं व्याख्यान देत असे. मुलं हात पाठीमागे बांधून उभी राहत. तसा नियम मीच केला होता.

चार महिने मी त्यांच्या घरी जायचं टाळलं. शेवटी एका रविवारी गेलो. माफी मागायची म्हणून वाक्यं पाठ केली होती. विणकरांच्या वस्तीत मुलाच्या घरी ते चरख्याशी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होते, जे काम त्यांच्यात बायका आणि पोरी करतात. मी "नरसय्या" म्हणालो आणि त्यांनी चरखा थांबवला.

"मास्तर. बसा की." मी बसलो. माझी वाक्यं सुरू व्हायच्या आत त्यांनी विचारलं, "पोरं येत्यात न्हवं? काय काय धरत्यात आता?"

त्यांच्या तोंडावर नुसती उत्सुकता होती. दुसरं काही मी पुष्कळ शोधलं. रागाचा एक धागा जरी सापडला असता तरी मला तो धरून पुढे बोलता आलं असतं.

"सगळं," मी म्हणालो. "पहिल्यासारखंच. सगळं धरतात."

"मगर पण?"

"मगर पण."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं ओ. माजं काय, मी जाणारच होतो कवातरी. पोरांचं बंद पडलं असंल म्हणून जिवाला घोर होता." मग आत वळून सुनेला तेलुगूत मोठ्याने सांगितलं. सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला तेवढी तेलुगू कळतेच. पोरं अजून सगळं धरतात म्हणे, मास्तरांनी चालू ठेवलंय, त्यांना चहा कर.

सून दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा जवळच्याच एका शाळेत होता. आदल्या शनिवारी ती शाळा माझ्यापुढे हात बांधून उभी होती, आणि दोरीपलीकडच्या मागाला हात लावला म्हणून मी एका पोराला छडी दिली होती. तोच पोरगा तिच्या पदराआडून माझ्याकडे बघत होता. तिने एकदा सासऱ्याकडे पाहिलं. ते हसत होते, चरखा पुन्हा सुरू झाला होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं, पोराला आत ढकललं आणि चूल पेटवली.

थोड्या वेळाने तिने कपबशी माझ्यापुढे आणून ठेवली. मी चहा प्यायलो, सगळा, आणि चांगला झालाय म्हणालो.