आत्तीची जन्मठेप

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंगात आणून, जादूटोण्याच्या नावानं लोकांना लुबाडणाऱ्यांना तुरुंगात घालायचा कायदा विधानसभेत येणार, अशी बातमी कोल्हापुरात आली. मंडईत शिरली तेव्हा शिक्षा सहा महिन्यांची होती. तालमीच्या कट्ट्यावर ती सात वर्षांची झाली आणि कसबा बावड्यात आमच्या गल्लीत पोचेपर्यंत थेट जन्मठेप!

आमच्या घराचा धीरच सुटला, कारण माझ्या आत्तीच्या अंगात दर मंगळवारी साखर कारखान्याच्या भोंग्याला देवी यायची. आत्ती घुमायला लागली की तो भोंगा लाजून गप्प बसायचा. देवीचं बोलणं मात्र एकाच माणसाशी. ते म्हणजे आत्तीचे मालक, आमचे मामा. एरवी नवऱ्याला 'अवो' म्हणणारी आत्ती देवीच्या तोंडानं गरजायची, "पुन्यांदा पत्ते कुटायला गेलतास काय रं?" मामा तिथंच आडवे.

बातमी ऐकली तशी आत्तीनं देव्हाऱ्यापुढं हात जोडले. "आई, ह्या कायद्याचं काय हाय ते कळंस्तोवर येऊ नगंस. मला आत टाकतील." देवी भलतीच समजूतदार. आली नाही.

पण देवी आठवड्यातून एकदा जे बोलायची, ते आता आत्ती स्वतःच बोलायला लागली. रोज. भाकरी थापताना, चहा गाळताना, मामा दाढीला बसले की हमखास. देवी निदान कापूर विझला की जायची; आत्ती कुठं जाणार? मामा इतके वाळले, की सदरा अंगावर आहे का खुंटीवर, ते हात लावून बघावं लागायचं.

शेवटी तेच मला म्हणाले, "वकिलाकडं चल. तिला आत टाकली तर घर बसलं. आन् ही अशीच बोलत ऱ्हायली तर मी बसलो."

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "अवो, कायदा झालाय कुठं? नुसता मसुदा हाय, त्यावरच भांडणं चालल्यात. आन् गुन्हा लोकांना फसवणाऱ्याचा, भ्या घालणाऱ्याचा. तुमची देवी कुणाकडनं काय घेती?"

"सुपारीसुदिक न्हाय."

"भ्या कुणाला घालती?"

मामांनी मान खाली घातली. "मला."

"मग तक्रार तुम्हीच करायची. करताय?"

मामा खुर्चीतनं ताडकन उठले. "येडं का खुळं! मला देवी परत पायजे की!"

जन्मठेप तिथंच रद्द झाली. घरी आत्तीला सांगितलं तर ती पदर सावरत म्हणाली, "मला काय ठावं? तिच्या मनात आलं तर येईल."

मंगळवारी मामा अंघोळ करून, कापूर घेऊन, भोंग्याच्या आधीच पाटासमोर हजर. भोंगा झाला, आत्ती घुमायला लागली.

"इतकं दिस मला इसरलास काय रं?"

"न्हाय आई," मामांनी कपाळ टेकलं, "लई आठवण काढली बघ."

कापूर विझला. आत्ती चहा ठेवायला उठली आणि हळूच म्हणाली, "अवो, साखर घालू का?" मामांनी सोडलेला सुस्कारा नदीपल्याडच्या शिरोलीपर्यंत ऐकू गेला असणार.