वहिनीचं एकतिसावं प्रकरण

माझ्या वहिनीसारखी सरळ बाई शोधून सापडायची नाही, म्हणून तिच्यावर खोटेपणाचा आळ आला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

वहिनी दिवसा शाळेच्या ऑफिसात कारकून आणि उरल्या वेळात अनुवादक. तिची पद्धत अजब. इंग्रजी पुस्तकाची शिवण उसवायची, एकेक पान शेगडीवरच्या फळीला चिमट्याने लावायचं आणि भाजी हलवता हलवता वाक्यं जुळवायची. मराठीत उतरलं की ते पान गेलं खिडकीच्या काचा पुसायला. माझा भाऊ म्हणायचा, आपल्या काचा नुसत्या स्वच्छ नाहीत, सुशिक्षित आहेत.

आळ आला तो तिने अनुवाद केलेल्या पहिल्याच कादंबरीवरून. कप्तानाची बोट बुडते, बायको धक्क्यावर वाट बघत राहते. वहिनीने एकतीस प्रकरणं नेऊन दिली, तर संपादकांकडच्या इंग्रजी प्रतीत तीसच! तिसाव्यात बायको एकटी घरी जाते, संपलं. वहिनीच्या एकतिसाव्यात कप्तान दारात हजर. संपादकांनी तिला चांगलंच सुनावलं, मेलेली माणसं जिवंत करायची तर स्वतःची कादंबरी लिहा म्हणून. शुक्रवारपर्यंत मूळ पानं दाखवा, नाहीतर पुस्तक दुसऱ्याकडे जाईल आणि पुन्हा तुम्हाला कुणी काम देणार नाही. दाखवणार काय, कपाळ? पानं केव्हाच कचऱ्यात गेली होती. वहिनीला जेवण जाईना.

"मीच घातलं असेल का गं?" एवढंच तिने मला विचारलं. ते ऐकून मला रडूच फुटलं.

गुरुवारी मी रजा टाकली आणि तिला ओढतच जुन्या पुस्तकवाल्याकडे नेलं. तिने कादंबरी त्याच्याकडूनच घेतली होती. आमची कहाणी ऐकून तो हसायलाच लागला. म्हणाला, संपादकसाहेबांकडे लंडनची आवृत्ती असणार, तुम्ही नेली ती अमेरिकेतली. तिकडच्या प्रकाशकाला कधीकधी शेवट गोड हवा असतो, मग लेखक एक प्रकरण वाढवून देतो. त्याच खोक्यातली दुसरी प्रत कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी पेशंटना वाचायला नेली होती.

आम्ही धावत सुटलो. अगदी खरोखर धावत, वहिनी तर तुटलेली चप्पल हातात घेऊन. पुस्तक होतं, पण गाल सुजलेल्या एका आजोबांच्या हातात, आणि त्यांची शेवटची चार पानं राहिलेली. सोडतात कसले! मी हातापाया पडले. त्यांना आत बोलावलं तर ते पुस्तक घेऊनच खुर्चीत बसले. दाढ निघाली तेव्हा कुठे ते आमच्या हाती आलं. वहिनीने शेवट उघडला. एकतीस! तिने मला मिठी मारली, आजोबांनाही मारणार होती.

शुक्रवारी संपादकांनी पुस्तक आणि तिचे कागद शेजारी ठेवले आणि ओळीवर बोट ठेवून तासभर वाचलं. मी समोर बसून नखं खात होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "यातला एकही शब्द तुमचा नाही."

वहिनी आनंदाने ढसाढसा रडायला लागली. घरी आल्यावर तिने ते वाक्य भावाला जसंच्या तसं सांगितलं, तर तो बाह्या सरसावूनच उठला, माझ्या बायकोला असं बोलतो म्हणजे काय! मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. वहिनी डोळे पुसत, हसत म्हणाली, "पुन्हा सांगू?" आणि तिने ते पुन्हा सांगितलं.