गाडीतून चोरीला गेलेलं बाबांच्या कानाचं मशीन

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी डब्याच्या सुट्टीत टाइमपास म्हणून वाचते. मैत्रिणींना वाचून दाखवते आणि आम्ही खिदळतो. परळच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रिपोर्टात दिसतं तेवढंच खरं, हा माझा स्वभाव. अंगात येणं, झपाटणं असले प्रकार आमच्या घरात आईनेसुद्धा कधी चालू दिले नाहीत. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण आता मनात ठेवून ठेवून उबग आलाय.

भोईवाड्यात मी आणि बाबा, दोघंच राहतो. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवायचे. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली आणि कानही तिथेच गेले. डावा पूर्ण बंद, उजव्यात मशीन घातलं तरच ऐकू येतं. मशीन काढलं की कुकरची शिट्टीसुद्धा नाही.

श्रावणात सुमनआत्याकडे, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीकडे, सत्यनारायण होता. ती कॉटन ग्रीनला राहते. सोबत मुलगा महेश, सून आणि नात चिऊ. महेशचं कामधंद्याचं कधीच काही धड नव्हतं. रविवार होता, आणि जाताना चिंचपोकळीला कुठल्या तरी मंडळाच्या गणपतीच्या आगमनाचे ढोल चालले होते. त्या आवाजाने मशीन शिट्ट्या मारायला लागलं. बाबांनी वैतागून काढलं, डबीत घातलं आणि डबी माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. बॅगेत लॅपटॉपही होता. आत्याच्या बिल्डिंगखाली गाडी लावली आणि आम्ही वर गेलो, बॅग मागच्या सीटवर तशीच.

कथा सुरू झाल्यावर बाबा कानाला हात लावून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मला आठवलं.

"अगं बाई, मशीन गाडीतच राहिलं. बॅगेत आहे, आणते पटकन."

"बस गं तू," महेश म्हणाला. "आता मध्येच उठू नको. नंतर आण."

थोड्या वेळाने तोच कापूर आणायला म्हणून खाली गेला. कापूर घेऊन आलाही.

जेवून खाली उतरलो तर मागच्या दाराची छोटी काच फुटलेली. सीटभर चुरा, बॅग गायब. महेशने चोरांच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि माझ्याबरोबर पोलीस स्टेशनलाही आला. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न मलाच केला — "मॅडम, सामान गाडीत ठेवलंत कशाला?" जसं काही काच मीच फोडली! नाक्यावरचा कॅमेरा बंद होता. तक्रार घेतली, सापडलं तर कळवू म्हणाले. शिकलेल्या माणसाशी बोलतात तशा मऊ आवाजात मला वाटेला लावलं.

लॅपटॉप ऑफिसचा होता, त्याचं काय व्हायचं ते झालं. पण बाबा... नव्या मशीनसाठी कानाचं माप द्यावं लागतं, वेळ जातो. तोवर बाबा खुर्चीत नुसते बसून. टीव्हीवरची माणसं तोंडं हलवतायत आणि हे बघतायत. मी ओरडून बोलायचे, तेही पोचायचं नाही. शेवटी पाटीवर लिहून दाखवायला लागले. बापाला पाटीवर "भात वाढू?" असं लिहून विचारायचं... चोर सापडला असता तर मी त्याला काय केलं असतं, देव जाणे.

काही दिवसांनी दुपारी जेवताना बाबांचा घास हातातच थांबला.

"पाढे कोण म्हणतंय?"

मी मान हलवली, कोणी नाही.

"सतराचा म्हणतेय. अडकली बघ, सतरा सक्क्याला." आणि हसले. "चिऊ आहे गं ती!"

त्यानंतर रोज काहीतरी. कोणी खोकतंय, भांडी पडली, रेल्वेची अनाउन्समेंट. आमच्या घरातून रेल्वे ऐकू येत नाही. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी पूर्वीसारखीच, कान बंद. डॉक्टर म्हणाले, ऐकू येईनासं झालेल्या माणसाचा मेंदू कधी कधी स्वतःच आवाज तयार करतो, घाबरू नका. मला पटलं. खरं तर हायसं वाटलं.

मग तो शनिवार. मी सुट्टीवर होते, कपडे घड्या करत होते. बाबा खुर्चीत ताठ बसले आणि बोलायला लागले, स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. कोणी सांगतंय आणि ते मागोमाग म्हणतायत, असं. मालवणीत. घरात ते मालवणी बोलत नाहीत, फक्त आत्याशी.

"मेल्या, ह्यां दादाचां मशीन! ह्यां कित्याक आणलंस?"

थांबले. ऐकलं.

"आतां मी तेका काय तोंड दाखवू?"

परत थांबले. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, पण त्यांना मी दिसतच नव्हते.

"टाकू नको खंय. तांदळाच्या डब्यात घाल. तेका कायएक कळाचां नाय, तो बहिरो."

मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सुमन आहे."

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि दुपारी बाबांना घेऊन कॉटन ग्रीनला गेले. मनात एकच, डब्यात काही नसणार, आणि मग मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेईन. महेश घरी नव्हता. आत्याने बाबांना खुर्ची दिली, चहा टाकला. शेजारणीने हाक मारली म्हणून ती दारात गेली, तशी मी स्वयंपाकघरात शिरले आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

डबी लागली.

वळले तर आत्या उंबऱ्यात. तिचा चेहरा असा झाला होता की मला क्षणभर तिचीच दया आली. क्षणभरच.

"माझ्याने टाकवलं नाही गं," ती म्हणाली. "आणि परत द्यायचं तर पोराचं नाव... काय करू मी? दादाला सांगू नको. तुझ्या पाया पडते."

"त्यांनीच मला सांगितलं."

"त्याला कोणी सांगितलं?"

"तू."

ती भिंतीला टेकली. शनिवारी दुपारी ती काय बोलली ते मी शब्दन् शब्द सांगितलं, 'तो बहिरो'सकट. तिने एक शब्द नाकारला नाही. फक्त म्हणाली, "घरात आम्ही दोघंच होतो."

डबी उघडली. मशीन होतं, पण सेल नव्हता. सेल महेशने पहिल्याच दिवशी काढून फेकला होता, हे तिनेच सांगितलं. आणि सेल असता तरी काय? ते मशीन कानाजवळचा आवाज मोठा करतं, दुसरं काही करत नाही. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलंय.

मी पोलिसांत गेले नाही. बाबांनी हात धरला म्हणून. महेश अजून तसाच फिरतो, नाक्यावर दिसला तर "काय ताई, बरी आहेस?" विचारतो. तक्रार अजून उघडीच आहे म्हणे.

नवीन सेल घालून मशीन मी बाबांपुढे धरलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. नव्याचं मापही दिलं नाही. ते बाकीचे आवाजही त्या शनिवारनंतर कधी आले नाहीत.

भाऊबीजेला आत्या आली. मला वाटलं नव्हतं येईल. बाबा पाटावर बसले, तिने ओवाळलं. ताम्हन हातात धरूनच ती बोलत राहिली, "दादा, माका माफ कर, माझो झील महेश वायट निपाजलो, तू माका टाकू नको..." डोळ्यांतून धारा लागलेल्या. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, नेहमी बघतात तसे, समजूतदार चेहऱ्याने. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हणत होती गं?"

कॉटन ग्रीनच्या बंद स्वयंपाकघरातलं बोलणं यांना भोईवाड्यात ऐकू आलं, आणि वीतभर अंतरावरून ती रडून सांगत होती ते नाही. असं का, हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर खरंच सांगा.

पाटी तिथेच होती. मी लिहिलं, "तब्येतीला जपा म्हणाली."